जर्मनीस निघालेल्या विद्यार्थ्यास

प्रतिवर्षी ऑगस्टच्या सुमारास, माझ्यापाशी जर्मन भाषेचे प्राथमिक धडे घेऊन गेलेली दोन-चार मुले-मुली आपापल्या आईवडिलांसह निरोप घेण्यास घरी येतात. हाती विद्यापीठाचे प्रवेशपत्र असते, चेहऱ्यावर आनंद आणि धास्ती यांची सरमिसळ असते, आणि पहिला प्रश्न येतो तो बहुधा सामानाचा: कुकर न्यावा की नाही, गोडा मसाला किती पुरेल, थंडीचे कपडे येथून घ्यावेत की तिकडे. कुकर लहानसा न्यावा, मसाला पोटभर न्यावा आणि जाड कोट तिकडेच घ्यावा, एवढे सांगून मी मोकळा होतो. परंतु जे सांगावे असे मनापासून वाटत असते ते त्या अर्ध्या तासात, चहाचे कप रिते होईपर्यंतच्या अवधीत, सांगून पुरे होत नाही. ते आज सावकाशीने लिहीत आहे.

तरुणपणी ग्योटिंगेन या लहानशा विद्यापीठनगरीत मी विद्यार्थी म्हणून राहिलो आणि पुढील सारे आयुष्य पुण्यात ती भाषा शिकविण्यात गेले. या काळात तिकडे जाऊन परत आलेले किंवा तिकडेच स्थायिक झालेले पुष्कळ विद्यार्थी मी पाहिले, आणि त्यांच्यात मला स्पष्ट दोन वर्ग दिसले. संस्कृती म्हटली की बीथोवनचे संगीत, गटेचे काव्य आणि कोलोनचे गगनभेदी चर्च एवढेच ज्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते, आणि जिन्याची झाडलोट, कचऱ्याचे डबे, रविवारची शांतता व घड्याळाचा काटा या गोष्टी म्हणजे ज्यांना निव्वळ जाच वाटतो, ते पदवी घेऊन येतात, नोकरीही मिळवितात, पण ज्या देशात त्यांनी दोन-तीन वर्षे काढली त्या देशाविषयी त्यांना सांगण्यासारखे काही नसते. याउलट जे त्या जाचक वाटणाऱ्या लहानसहान नियमांपाशी थांबले, ‘हे असे का?’ म्हणून ज्यांनी शेजाऱ्याला विचारले, त्यांना तो देश हळूहळू आपले अंतरंग उघडून दाखवितो. परक्या संस्कृतीची बाराखडी ग्रंथालयात नसते, ती स्वयंपाकघरात असते, असे माझे ठाम मत अनुभवान्ती झाले आहे, आणि पुढील सर्व सूचना त्या मताच्या अनुरोधानेच केलेल्या आहेत.

प्रथम भाषेविषयी. अलीकडे जर्मन विद्यापीठांतून पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीतून मोठ्या संख्येने चालतात, त्यामुळे जर्मन न शिकता जाता येते, हे खरे आहे. आणि तेथेच घात होतो. व्याख्यान इंग्रजीत असते, पण घरमालकाचे पत्र, नगर कचेरीतील कारकून, दवाखान्यातील परिचारिका आणि सहनिवासातील मित्रांचे आपसांतील हास्यविनोद हे सर्व जर्मनमध्ये असते. युरोपीय पद्धतीत भाषेच्या सहा पायऱ्या मानल्या आहेत, ए-१ पासून सी-२ पर्यंत; त्यांपैकी निदान तिसरी, म्हणजे बी-१, येथून निघण्यापूर्वी चढून जावी असा माझा आग्रह असतो. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर विद्यापीठाचे रानडे इन्स्टिट्यूट आहे. साधनांची वाण नाही, वाण असते ती एक वर्ष आधी सुरुवात करण्याची.

आणि मराठी माणसाने या भाषेला भिण्याचे कारण नाही, हे मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगतो. इंग्रजीच्या खिडकीतून पाहणाऱ्याला जर्मन अवघड वाटते; मराठीच्या दारातून आत शिरले तर कितीतरी गोष्टी घरच्यासारख्या भेटतात. जर्मन मनुष्य एकवीस म्हणताना ‘आइन-उंड-त्स्वान्त्सिश’ म्हणतो, म्हणजे आधी एक आणि मग वीस, आपल्या एकवीस-बावीसप्रमाणेच. अडीच वाजले हे सांगावयाचे असता तो ‘हाल्ब द्राय’, म्हणजे ‘अर्धा तिसरा’, असे म्हणतो. इंग्रजी शिकलेली मुले ते ऐकून साडेतीन समजतात आणि तासभर उशिरा पोहोचतात. पण आपला ‘अडीच’ हा शब्द तरी कोठून आला? संस्कृत ‘अर्धतृतीय’ या शब्दाचे प्राकृतातून झिजत आलेले ते रूप आहे. दोन पुरे आणि तिसरा अर्धा, हाच हिशेब दोन्ही भाषांनी केला आहे. नामांची तीन लिंगेही आपल्याला नवी नाहीत. आणि ‘झी’ व ‘डू’ हा भेद तर ‘तुम्ही’ आणि ‘तू’ उच्चारीत वाढलेल्या मुलाला समजावून द्यावाच लागत नाही. मात्र तेथील एक दंडक ध्यानी ठेवावा: अपरिचिताला, अध्यापकाला, कचेरीतील अधिकाऱ्याला ‘झी’च म्हणावे आणि ‘डू’वर येण्याचा प्रस्ताव वयाने किंवा अधिकाराने वडील असलेल्या व्यक्तीने मांडावयाचा असतो, आपण नव्हे. विद्यार्थी मात्र आपसांत पहिल्या दिवसापासून ‘डू’ म्हणतात.

आता दस्तऐवजांविषयी, कारण त्यांच्या अभावी पुढचे काहीच घडत नाही. भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी १ नोव्हेंबर २०२२ पासून ‘एपीएस’ हे प्रमाणपत्र आवश्यक झाले आहे. दिल्लीतील संबंधित कचेरी आपल्या गुणपत्रिका व पदव्या अस्सल आहेत की नाहीत याची छाननी करून ते देते. त्यास वेळ लागतो, सबब प्रवेशाच्या अर्जापूर्वीच त्याच्या मागे लागावे. हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते, व्याख्याने त्या महिन्याच्या मध्यास. त्यासाठी अर्जाची मुदत पुष्कळ ठिकाणी १५ जुलै असते, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी ती याहून बरीच अलीकडे आणलेली असू शकते, म्हणून प्रत्येक विद्यापीठाची तारीख स्वतंत्रपणे पाहावी. निर्वाहाच्या हमीसाठी ज्याला सर्वजण ‘ब्लॉक्ड अकाउंट’ म्हणतात त्या खात्यात, सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दराप्रमाणे, वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात आणि त्यांतून दरमहा ९९२ युरो हाती येतात. हा आकडा सरकार अधूनमधून वाढविते, तेव्हा निघण्याच्या वर्षी तो पुन्हा तपासावा.

सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही. फक्त सत्राची वर्गणी भरावी लागते, जिच्यात पुष्कळदा बस व रेल्वेच्या प्रवासाची सवलतही अंतर्भूत असते. परंतु ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे सरसकट विधान करू नये. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रतिसत्र १,५०० युरो द्यावे लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून शुल्क सुरू केले आहे. काम करून खर्च भागविता येतो, पण त्यालाही मर्यादा आहे: मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. पहिल्या सत्रात तरी कामाच्या मिळकतीवर घरखर्चाची भिस्त ठेवू नये, असे मी पालकांना बजावून सांगतो, कारण त्या सहा महिन्यांत मुलाची सारी शक्ती उभे राहण्यातच खर्ची पडते.

राहण्याची जागा हा खरा कसोटीचा विषय. विद्यार्थी-वसतिगृहांच्या प्रतीक्षायादीत प्रवेशपत्र मिळण्याची वाट न पाहता, जेथे परवानगी असेल तेथे, त्याआधीच नाव घालावे. खाजगी जागा पाहताना ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसते भाडे आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे उष्णता, पाणी इत्यादी खर्चासह भाडे, यांतील फरक विचारून घ्यावा. अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या नुसत्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. आणि न पाहिलेल्या खोलीसाठी, किल्ल्या टपालाने पाठवितो असे लिहिणाऱ्या अनोळखी माणसाला, कितीही अडचण असली तरी एक पैसाही पाठवू नये. या मार्गाने फसलेली आमची मुले मला माहीत आहेत. घर मिळाले की दोन आठवड्यांच्या मुदतीत नगर कचेरीत जाऊन नावनोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करावयाची, व त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र बरोबर न्यावयाचे. नोंदणीचा कागद हाती नसेल तर पुढची कितीतरी कामे अडतात. आरोग्यविम्याची सक्ती आहे. आणि नोंदणीनंतर काही दिवसांतच एक पत्र येईल, की घरात रेडिओ-दूरदर्शन असो वा नसो, प्रत्येक बिऱ्हाडाने दरमहा १८.३६ युरो प्रसारणाची वर्गणी भरावी. ते पत्र फसवणुकीचे समजून टाकून देऊ नये, ते खरे असते, आणि एका बिऱ्हाडात चौघे राहत असतील तर रक्कम चौघांत वाटून घेता येते.

माझी आवर्जून शिफारस अशी, की निदान एक वर्ष तरी जर्मन व अन्य देशीय विद्यार्थ्यांबरोबर सामायिक बिऱ्हाडात काढावे. त्याला तिकडे ‘वेगे’ म्हणतात: प्रत्येकाची खोली स्वतंत्र, स्वयंपाकघर व न्हाणीघर सर्वांचे. भिंतीवर सफाईची पाळी लावलेली असते आणि त्या कागदाला करारनाम्याचे महत्त्व असते. आपल्या घरात आई किंवा कामवाल्या बाई सर्व उरकीत असल्यामुळे पुष्कळ मुलांनी आयुष्यात न्हाणीघर घासलेले नसते. तेथे प्राध्यापकाचा मुलगा आणि शेतकऱ्याची मुलगी सारख्याच निष्ठेने ते घासतात, आणि जो पाळी चुकवितो त्याच्याविषयी कोणी पाठीमागे कुरकुरत नाही, समोर बसवून सांगतात. पहिल्या वेळी हे फार लागते. माझ्या बाबतीत हे घडले तेव्हा, चार माणसांदेखत आपला पाणउतारा झाला या भावनेने, मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही. आणि तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आले की मला बोलणारा मुलगा ती गोष्ट त्याच क्षणी विसरून गेला होता, व मी रुसलो आहे हे त्याला ठाऊकच नव्हते. कृतीवरची टीका आणि माणसावरची टीका यांत तो समाज फार स्पष्ट रेषा ओढतो. ही रेषा मला पुढे अभ्यासातही उपयोगी पडली.

कचऱ्याचे शास्त्र याच स्वयंपाकघरात शिकावयाचे. कागद एका डब्यात, भाजीपाल्याचा चोथा दुसऱ्यात, वेष्टणे तिसऱ्यात, उरलेले चौथ्यात. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे, पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी, अशा रस्त्यावरील पेट्यांत, पण रविवारी नाही, कारण फुटणाऱ्या काचेचा आवाज शेजाऱ्यांच्या विश्रांतीत व्यत्यय आणतो. पाण्याच्या साध्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतलेली असते व बाटली दुकानातील यंत्रात परत घातली की ती मिळते. रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर शांतता. शेजाऱ्याचा निजण्याचा हक्क हा तेथे सौजन्याचा विषय नसून नियमाचा विषय आहे. एवढेच सांगून पुढे जातो, की फोडणी देताना खिडकी उघडावी आणि दार लावून घ्यावे. छताला धुराची सूचना देणारे यंत्र असते आणि मोहरी-हिंगाच्या धुराची पारख त्याला नाही.

पाहुणचाराच्या रीतीत मात्र दोन संस्कृती समोरासमोर उभ्या ठाकतात. कोणी ‘घ्या’ म्हटले तर प्रथम ‘नको’ म्हणावे, दुसऱ्या आग्रहाला संकोचावे आणि तिसऱ्याला घ्यावे, हे आपल्या रक्तात भिनलेले आहे. तेथे आग्रह नाही. एकदा विचारतील, आणि नको म्हटले तर ‘नको’ हाच त्याचा अर्थ घेतील. त्यातून आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी, की ताट पुढे केले असता नुसते ‘डांके’, म्हणजे धन्यवाद, म्हटले तर त्याचा अर्थ ‘धन्यवाद, नको’ असा होतो. हवे असेल तर ‘बिट्टे’ किंवा ‘या, गेर्ने’ म्हणावे. पहिल्याच भोजनप्रसंगी मी अत्यंत नम्रतेने प्रत्येक पदार्थाला ‘डांके’ म्हणत गेलो आणि बटाटे, कोबी, पाव सर्व काही माझ्या पुढून निघून गेले. मी उपाशी राहिलो, आणि यजमानीणबाईंना वाटले की त्यांचे अन्न मला रुचले नाही. त्या दिवशी मला प्रथमच कळले की आग्रह न करणे हाही आदराचाच एक प्रकार असू शकतो: समोरच्याचा शब्द खरा मानणे, त्याच्या बोलण्याच्या आड दुसरे काही आहे असे न समजणे. आपला आग्रह आणि त्यांचा विश्वास यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याची मला आजही आवश्यकता वाटत नाही, पण एकाचे नियम दुसऱ्याच्या घरात लावता येत नाहीत एवढे ध्यानात ठेवावे.

वेळेचेही तसेच. चारला बोलाविले असता चारला पोहोचावे, पावणेचारला नव्हे आणि सव्वाचारला तर नव्हेच. उशीर होणार असेल तर कळवावे. येथे विद्यापीठाचा एक जुना आणि गोड अपवाद आहे: वेळापत्रकात तासापुढे ‘सी. टी.’ ही अक्षरे असतील तर व्याख्यान त्या वेळेनंतर पाव तासाने सुरू होते, आणि ‘एस. टी.’ असतील तर ठोक्याला. वर्गात प्राध्यापकांचे व्याख्यान संपले की विद्यार्थी टाळ्या वाजवीत नाहीत, बोटांच्या सांध्यांनी बाकावर ठोकतात. शंभर-दीडशे बाकांचा तो एकदम उठणारा नाद पहिल्यांदा कानी पडला म्हणजे अंगावर काटा येतो.

अभ्यासाच्या पद्धतीत आपल्या मुलांची खरी अडचण होते ती सेमिनारमध्ये. गुरुजनांसमोर न बोलणे हा आपल्याकडे विनय. तेथे तीन महिने जो एकही प्रश्न विचारीत नाही तो तयारी करून येत नसावा असा समज होतो. प्राध्यापकांच्या मतावर आक्षेप घेतला तर ते रागावत नाहीत, पुरावा मागतात. गुणांकन आपल्याहून उलटे असते: १ म्हणजे सर्वोत्तम, ४ म्हणजे कसाबसा उत्तीर्ण, ५ म्हणजे अनुत्तीर्ण, तेव्हा गुणपत्रिकेवर १.३ पाहून घरी शोक करू नये. मात्र एक धोका गंभीरपणे सांगितला पाहिजे. एखाद्या परीक्षेस किती वेळा बसता येईल हे नियमाने ठरलेले असते, बहुधा तीन वेळा, आणि आवश्यक विषयात अखेरची संधीही गेली तर त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होते व अन्यत्रही तो अभ्यासक्रम पुढे चालू ठेवणे दुरापास्त होते. ‘पुढच्या वेळी बघू’ ही येथील सवय तेथे नेऊ नये. आपल्या विभागाचे परीक्षानियम पहिल्या महिन्यातच, शब्दकोश घेऊन का होईना, अथपासून इतिपर्यंत वाचावेत.

आता ज्या विषयावर मला सर्वांत अधिक कळकळीने लिहावेसे वाटते तेथे येतो. जर्मनीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला त्या देशाच्या १९३३ ते १९४५ या काळाची ओळख नसेल तर त्याला तो देश कळला असे म्हणता येणार नाही. गावोगावच्या फरसबंदीत हाताच्या पंजाएवढे, दहा सेंटिमीटरचे, पितळी चौकोन बसविलेले दिसतात. त्यांवर त्या घरात राहणाऱ्या आणि नाझींनी ज्यांना नेले त्या माणसांची नावे, जन्मसाले व अंत कोरलेला असतो. गुंटर डेमनिश या कलावंताने १९९० नंतरच्या दशकात हे काम आरंभिले आणि आज युरोपभर असे एक लाखाहून अधिक दगड बसलेले आहेत. ते वाचण्यासाठी मान लववावी लागते. ज्या ग्योटिंगेनला गाउसपासून गणिताची थोर परंपरा होती, त्याच ग्योटिंगेनमधून १९३३ साली माक्स बोर्न, एमी न्योटर, रिशार्ड कूरांट यांसारख्यांना ज्यू म्हणून दूर करण्यात आले, आणि ती परंपरा काही महिन्यांत कोसळली. हे तेथील लोक लपवीत नाहीत. आपल्या पूर्वजांच्या अपराधाविषयी एखादा समाज शाळेच्या पुस्तकात आणि रस्त्यावर इतक्या उघडपणे बोलतो, हे मला तरी त्या देशाच्या कोणत्याही कारखान्याहून अधिक शिकण्यासारखे वाटले.

याचा एक अगदी व्यावहारिक भागही आहे. आपल्या दारावर, पूजेच्या ताटावर, लग्नपत्रिकेवर शुभचिन्ह म्हणून असणारे स्वस्तिक तेथे पाहणाऱ्याला वेगळेच दिसते. नाझी चिन्हांचे सार्वजनिक प्रदर्शन जर्मन दंडसंहितेच्या ८६ अ या कलमान्वये अपराध आहे. आपले धार्मिक चिन्ह म्हणजे तो अपराध नव्हे, पण जिन्यातून जाणाऱ्या वृद्ध शेजाऱ्याला हा भेद कसा कळावा? यास्तव ते खोलीतल्या देव्हाऱ्यात असू द्यावे, दारावर, पिशवीवर, सामायिक जागेतील रांगोळीत काढू नये. आणि कोणी विचारले तर चिडून नव्हे, तर शांतपणे त्याचा अर्थ सांगावा. आपले मंगल चिन्ह कोणीतरी विटाळून ठेवले याचे दुःख आपल्याला होतेच, परंतु ते चिन्ह पाहून ज्याच्या कुटुंबाच्या आठवणी जाग्या होतात त्याचे दुःख त्याहून जुने नसले तरी अधिक ताजे आहे.

या संदर्भात इरावतीबाई कर्वे यांची आठवण प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने बरोबर न्यावी. त्या १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली कवट्यांच्या दोन बाजूंतील असमानतेवर त्यांनी प्रबंध लिहिला. फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे पुरस्कर्ते होते, आणि गोऱ्या वंशाच्या कवटीत काही वैशिष्ट्य आढळेल अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी मोजमापे घेतली, ती मोजमापे तसे काही सांगत नाहीत असे प्रामाणिकपणे लिहिले, आणि पदवी घेऊन त्या परतल्या. ज्या देशाने त्यांना मोजण्याची शिस्त दिली, त्याच देशातील एका बलाढ्य मतापुढे त्यांनी ती शिस्त वाकविली नाही. परकी संस्कृती आत्मसात करणे म्हणजे तिच्यापुढे शरणागती पत्करणे, अशी भीती ज्या पालकांना वाटते त्यांना मी हेच उदाहरण देतो.

आपल्या माणसांविषयी दोन शब्द. मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळे आहेत, गणेशोत्सव होतात, दिवाळीचा फराळ मिळतो. त्यांना जरूर जावे, दूर देशी आपली भाषा कानी पडणे ही औषधासारखी गोष्ट आहे. पण औषध हे अन्न नव्हे. मराठी किंवा हिंदी बोलणाऱ्या सहा मुलांनी एक घर घ्यावे, एकत्र स्वयंपाक करावा, एकत्र परीक्षा द्याव्या आणि दोन वर्षांनी जर्मनीतून जर्मनांशी न बोलता परत यावे, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. याच्या उलट दिशेचा प्रवास ज्याने केला त्याचे नाव आमच्या पुण्याने विसरू नये: फ्रान्त्स कीलहॉर्न हे १८६६ साली वयाच्या सव्विसाव्या वर्षी डेक्कन कॉलेजात संस्कृतचे अध्यापक म्हणून आले. शिकविण्यासाठी आलेल्या या माणसाने पंधरा वर्षे येथील शास्त्र्यांच्या सान्निध्यात बसून व्याकरणशास्त्राची परंपरागत अध्ययनपद्धती आपलीशी केली, नागोजीभट्टांचा परिभाषेन्दुशेखर भाषांतरिला, पतंजलीच्या महाभाष्याची संपादित आवृत्ती सिद्ध केली. आणि तेच कीलहॉर्न पुढे ग्योटिंगेनला प्राध्यापक झाले. मी तेथे असताना संस्कृत विभागाच्या ग्रंथालयात जाऊन बसलो की पुण्याहून ग्योटिंगेनला जाणारी वाट मी पहिल्यांदा तुडवीत नाही, याचा मोठा आधार वाटे. त्यांच्याप्रमाणे शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसण्याची तयारी ठेवावी. गावातल्या गायनमंडळात, गिर्यारोहकांच्या किंवा बुद्धिबळाच्या संघात नाव घालावे. जर्मन माणूस रस्त्यावर ओळख करून घेत नाही, पण एकदा एका कामात खांद्याला खांदा लावून उभा राहिला की त्याची मैत्री जन्मभर टिकते.

हिवाळ्याचे मात्र आधीच सांगून ठेवतो. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आठवडेच्या आठवडे आभाळ करडे असते, आणि भारतात त्या वेळी साडेआठ वाजून गेलेले असल्यामुळे घरी जेवणे चालली असतील हे मनात येऊन घशाशी आवंढा येतो. याला कोणी दुबळेपणा समजू नये. दुपारच्या उजेडात रोज अर्धा तास चालावे. ग्योटिंगेनला जुन्या तटावरून गावाभोवती लिंडनच्या झाडांखालून जाणारी वाट आहे, तशी वाट प्रत्येक गावात असते. मन फारच खचले तर विद्यार्थ्यांसाठी असलेल्या समुपदेशकाकडे जावे. त्यात लपविण्यासारखे काही नाही. पालकांनीही दूरध्वनीवर प्रत्येक वेळी गुण आणि नोकरी एवढेच विचारू नये. आज काय जेवलास, कोणाशी बोललास, रस्त्यात काय पाहिलेस, हे विचारावे.

शेवटी सामानात घालण्याची एक वस्तू: जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानांची एक वही. तिच्या डाव्या पानावर दररोज घडलेली एखादी लहानशी गोष्ट, जशी घडली तशी, तारखेसह लिहावी, आणि उजवे पान कोरे सोडावे. त्या गोष्टीविषयी आपले मत उजव्या पानावर लिहावयाचे, पण सहा महिन्यांनंतर. माझी ती वही अद्याप माझ्यापाशी आहे. माझ्या पहिल्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी डाव्या पानावर मी लिहिले आहे: ‘दुकाने बंद, रस्ते ओस, कोणी कोणाकडे जात नाही, हा देश आहे की स्मशान?’ समोरच्या पानावर पुढच्या मे महिन्याच्या शाईने लिहिलेले आहे: ‘आज रविवार. खालच्या मजल्यावरील आजीबाईंनी दुपारी तीनला कॉफीसाठी बोलाविले. साडेपाचपर्यंत बसलो. त्यांनी युद्धातल्या हिवाळ्याविषयी सांगितले, मी कोकणातल्या पावसाविषयी. दुकाने उघडी असती तर त्या आणि मी दोघेही बाजारात गेलो असतो.’